बिरदेवला दिलेलं उत्तर

सोलापूर, सन १९३४

बनाबाईस येडूचा रामराम.

पंचांपुढं आपली काडीमोड झाली, त्याला दीड वर्स झालं. काडी मोडताना बी मी शिंदीच्या नशेत हुतो. त्या दिसापास्नं शिंदीला शिवलो न्हाय. गिरणीत मुकादम आता शिवी न्हाय, नावानं हाक मारतो. तिथल्याच वर्गात ही अक्षरं गिरवली.

काल तुजा भाऊ बिरदेव गिरणीच्या दारात आला. म्हणला, "बना आता हसाया लागलीया. सोमवारी नातेपुत्यात तिचा पाट लागायचा हाय. मानूस चांगला हाय. पन तू शिंदी सोडली असशील तर ती परत येईन म्हणती."

चार वर्सांच्या संसारात तुला हसताना मी कवा बगितलंच न्हाय.

"अजून पितो की," मी म्हणलं. बिरदेव थुकला आन निगून गेला.

बने, नशेत तुला लई थापा मारल्या. "उद्या सोडतो" ही तर रोजचीच. शुद्धीवर मारली ती ही एकच. पत्र धाडलं तर तीबी वाया जाईल.

आता तुजा कुनी न्हवं असा,
येडू