बोटीच्या तळाचं भोक

रविवार, संध्याकाळ. अवसरी.

आज लई घोळ केला. जुन्या फायबरच्या बोटीला तळाशी भोक आहे, ते बुजवायचं होतं. फवारणीचं औषध कालवतो तसं सगळं रेझिन, म्हणजे भोक बुजवायचा चिकट रस, त्याला घट्ट करणारं हार्डनर टाकून एकदमच कालवलं. ब्रश उचलेपर्यंत बादलीतून धूर, आत नुसता दगड! भोक तसंच.

वाटलं, संपलं. बोट कांदा ठेवायची जागा अडवून बसलीय; काढणीआधी ती पाण्यात गेली नाही तर भंगारात, असं आबांनी बजावलेलं. आणि तेच आबा, माझे वडील, नारायणगावहून रेझिनचा नवा डबा घेऊन आले. "वाटीवाटीनं कालव, येड्या. कांदा ऱ्हाईल ताडपत्रीखाली."

मी एवढा वेंधळा, तरी मला असा बाप कसा मिळाला?

मग वाकून भोकात करंगळी घालत म्हणाले, "नीट बुजव. पयल्या फेरीला मी बसणार, आन् मला पवता येत न्हाई."