पहिल्या नंबरचा रंग

शाहूपुरी, कोल्हापूर
९ डिसेंबर १९५३

तीर्थरूप कालिंदीअक्कास,

धाकट्या नृसिंहाचा साष्टांग नमस्कार. जयसिंगपुरास थंडी कितपत आहे आणि दाजींचा गुडघा आता वळतो का, ते कळवावे. आम्ही मजेत. (मी सांगतो आहे, विमला लिहिते आहे, चुका तिच्या, अक्कल माझी.)

डॉक्टर म्हणतात, मला मधुमेह आहे आणि तो डोळ्यांत उतरला आहे. गुळाच्या अडत्याला साखरेचा रोग व्हावा, यात नवल ते काय! पण अक्का, खरं सांगू, जग धूसर झाल्यापासून फार देखणं झालं आहे. संध्याकाळी रंकाळ्यावर बसलो की दिव्यांभोवती उजेडाची मोठाली कडी तरंगतात, डोळ्यांपुढून काळे धागे संथ पोहत जातात, आणि पाणी कुठं संपलं नि आभाळ कुठं लागलं ते समजत नाही. बसून राहावंसं वाटतं. विमला तर थेट लग्नातली दिसते. (इथं विमलाचा टाक जरा थांबला.)

धंद्यात मात्र हे देखणेपण नडलं. मागं एकदा सौद्याच्या वेळी कागलचे पिराजी आपल्याच गुळाच्या रव्यांआड, ढेपांच्या थप्पीला टेकून बसले होते. मी लांबून बोट दाखवून चार व्यापाऱ्यांदेखत म्हणालो, "वा! रंग बघा, पहिला नंबर!" पिराजी उठून ओरडले, "अवो अडतदार, त्यो माझा फेटा हाय की!" तेव्हापासून मी गुळाची पारख डोळ्यांऐवजी जिभेनं करू लागलो. दिवसभर एक खडा या रव्याचा, एक त्या रव्याचा. पारख अचूक झाली, डोळे आणखी धुकटले.

मग डॉक्टरांनी काचेची नळी आणि निळं औषध दिलं. औषधात लघवीचे थेंब टाकून उकळायचं आणि रंग पाहायचा. निळाच राहिला तर ठीक, असं त्यांनी सांगितलंही असेल. माझं सारं लक्ष स्पिरिटच्या दिव्याकडे होतं, ज्योत फार सुंदर दिसत होती. घरी रोज असा पिवळाधमक रंग उतरायचा, की आपल्या गुळानंही मान खाली घालावी! मी खुशीत निरोप धाडायचो, "रंग उत्तम." डॉक्टरही खूश. शेवटी त्यांनी नळी स्वतः पाहिली आणि कपाळावर हात मारला.

आता गूळ बंद, सुई चालू, आणि मिरजेला डोळे दाखवायचे आहेत. काळजीचं काही नाही.

तुझा,
नृसिंह

ता. क. विमला सोबत येते म्हणते. मी म्हटलं, धडधाकट माणसाला सोबत कशाला?

ता. क. हे मी स्वतः लिहितो आहे, विमला नळावर गेली आहे. अक्षरं एकमेकांवर चढली असतील, सांभाळून घे. अक्का, सोमवारपासून डाव्या डोळ्यानं काहीच दिसत नाही. विमलाला सांगितलेलं नाही. फार भीती वाटते गं. शनिवारी सकाळच्या गाडीनं निघतो. तू जयसिंगपूरच्या फलाटावर ये आणि माझ्याबरोबर मिरजेला चल. मी खिडकीशीच बसेन, पण तू मला ओळखू यायची नाहीस. तूच हाक मार. मोठ्यानं मार.