मेणाचे हात

१२ ऑगस्ट

झालं! मुंबईच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं — आरोहीच्या कानाची नसच तयार झालेली नाही, ऑपरेशनचा उपयोग नाही. पोर जेमतेम साडेतीन वर्षांची. रेवदंडा येईपर्यंत जेरोमने — माझ्या नवऱ्याने — तिला खांद्यावरून उतरवलं नाही. घरी मायने — माझ्या सासूने — नातीला मांडीवर घेऊन भात भरवला.

माणगावहून आईचा फोन. "पालीला नवस बोललेय." बोल बाई. माझा आता ना तुझ्या गणपतीवर विश्वास, ना ह्यांच्या मावलीवर, येशूच्या आईवर.

१६ ऑगस्ट

अलिबागला खुणांच्या भाषेचा क्लास सुरू केला. दर शनिवारी, आरोही आणि मी. जेरोमचे नातेवाईक नाराज. "खुणा शिकवल्या म्हणजे हार मानली!" मायने तेवढा आमचा डबा भरून दिला.

२४ ऑगस्ट

नातेवाइकांच्या हट्टापायी चंगाई सभेला गेलो — तिथे म्हणे प्रार्थनेने आजार बरे करतात. मोठा मंडप, कानठळ्या बसवणारे स्पीकर. स्टेजवरच्या माणसाने आरोहीच्या कानांवर हात ठेवले आणि माइकवर ओरडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या बघून आरोहीनेही वाजवल्या! "ऐकतेय! चमत्कार!" लोकांनी मंडप डोक्यावर घेतला. मलाही — हो, मलाही क्षणभर खरं वाटलं.

माय उठली. गुडघे धरत स्टेजवर चढली, नातीला कडेवर घेतलं आणि त्याच माइकवर म्हणाली, "न्हाय ऐकत ती. तुमी टाळ्या वाजवताव, म्हून वाजवते. देवाच्या नावानं खोटं नको."

"आजी, तुमचा विश्वास कमी पडतोय," तो माणूस म्हणाला.

"पडू दे," माय म्हणाली आणि खाली उतरली.

काय बाई आहे! रोज पहाटे देवळात जाणारी ही — इथे चर्चला देऊळच म्हणतात. तिच्याइतकं देवाला मानणारं त्या मंडपात दुसरं कोण होतं? मला तिचा इतका अभिमान वाटला की भीड नसती तर तिथेच मिठी मारली असती.

८ सप्टेंबर

आज मावलीचा सण. इथली रीत अशी, की शरीराचा जो भाग बरा व्हायला हवा, तो मेणाचा आणून मावलीला वाहायचा. विश्वास नाही म्हणते, पण आशा मेली सुटत नाही. मीही गेले. दुकानात मेणाचे कान टांगलेले. माय कानच घेणार, मला खात्री.

तिने हात घेतले. दोन हात! वाताने बोटं वाकलीयत ना तिची. स्वतःचं दुखणं आठवलं, नातीचे कान नाही आठवले? मी मुकाट्याने कान घेतले, वाहिले. घरी येईपर्यंत तिच्याशी बोलले नाही.

९ सप्टेंबर

राग जात नाही. त्यात क्लासमध्येही आरोही नुसती हसत बसते. अजून एक खूण करत नाही.

१९ सप्टेंबर

शेजारच्या शकूला आज राहवलं नाही. "तुजी सासू दुपारची आमच्याकडं गप्पा मारायला न्हाय येत गो. माज्या मोबाइलवर त्या खुना शिकते. बोटं वलत न्हाईत, रडते, परत करते. तुला सांगायचं न्हाय म्हनते — आधी जमू दे."

तशीच घरी धावले. माय बोंबील निवडत होती.

"माय, मावलीला हात कशाला वाहिलेस?"

"मग? पोरीशी बोलायला हात नकोत?"

"आणि तिचे कान?"

"ते त्याच्या मर्जीवर. द्यायचे तर देईल. तवर मी काय मुकी बसू?"

मी तिथेच ओट्यावर बसून रडले. भरपूर रडले. "पुरे आता," माय म्हणाली, "चाय टाक." चहा घेताना तिने मला पाण्याची खूण करून दाखवली. काय ती बोटं! एकही सरळ होईना.

११ ऑक्टोबर

आज क्लासमध्ये आरोहीने पहिली खूण केली. पाण्याची! बाई खूश झाल्या, पण म्हणाल्या, "बोटं अशी वाकडी का धरते ही?" आणि तिची बोटं सरळ करायला लागल्या.

मी त्यांचा हात धरला. "राहू द्या, बाई. आमच्या घरी ती अशीच करतात."