मानाची चादर

पवनार
ता. २२ डिसेंबर २००३, सोमवार

प्रिय दादा,

पाया पडतो. इकडं आई, बाबा, मी अन् आपली काळी शेळी सगळे जागच्या जागी आहोत. तिकडं तू, सुरभी वहिनी अन् छकुली बरे असाल असं धरून लिहाले बसलो. छकुलीचा एक गालगुच्चा घेजो, धीरजकाकाच्या नावानं.

तू म्हणशीन, याले पत्राची बुद्धी कशी सुचली, फोन काऊन नाई केला. फोन केला असता रे, पण बूथवर अण्णाजी कान लावून बसलेला असते. मी तुले काय बोललो ते मी घरी पोचायच्या आधी बाबाले माहीत होते. अन् हे बाबाले अण्णाजीच्या तोंडून समजलं नाई पाह्यजे. म्हणून पत्र. एकट्यानं वाचजो, मंग वहिनीले दे.

पहिले थंडीचं सांगतो. धाम नदीच्या काठी सकाळी वाफा निघते पाण्यातून. लुना सुरू होत नाई, ढकलत न्या लागते. पंधरा दिवसाखाली ढकलता ढकलता पुलापर्यंत गेलो तर तिथं संत्र्याचा ट्रक कलंडलेला. सगळं गाव पिशव्या घेऊन हजर. ड्रायव्हर बिचारा रस्त्याच्या कडेला बसून स्वतःच एक संत्रं सोलून खात होता. मी त्याच्याजवळ बसलो, त्याचं गाव, त्याचा मालक, सगळं ऐकत राह्यलो, अन् त्या दिवशी एकही चादर विकली नाई. तू ओळखतोच मले.

पण दादा, मुद्दा चादरीचाच आहे.

दिवाळीनंतर मी तुले लिहिलं होतं ना, की बाबाच्या हातमागावरच्या चादरी धडाधड जाऊन राह्यल्या. ते खोटं नोतं. लुनाच्या मागं गठ्ठा बांधून मी वर्धा, सेवाग्राम, जाम, समुद्रपूर सगळं हिंडलो. जामच्या चौकात ट्रकवाले चायनाचे ब्लँकेट उतरवतात, वाघाचं चित्र, गुलाबाचं चित्र, दीडशे-पावणेदोनशेले एक. बाजूले मी आपली चादर सव्वाचारशेले. मले वाटलं होतं कोणी विचारणार नाई. पण लोक घेत होते. वर्ध्याचे ओमप्रकाश शेठ, लोखंडाच्या दुकानवाले, ते तर गादीवर बसून मले भाषण देत होते, आपल्या माणसाच्या हातचा माल आहे, चार पैसे जास्त गेले तर देशातच राह्यले. असं म्हणून त्याईनं एकदम सहा घेतल्या. घासाघीस सुद्धा केली नाई. मी तिथंच तुले पत्र लिहायचं ठरवलं, की दादा, लोक जास्त पैसे देतात, आपल्या मालाले मरण नाई.

अन् मंग तुझं पत्र आलं की पिंपरीची नोकरी एक तारखेले सोडतो, घरी येतो, दुसऱ्या मागावर बसतो.

बाबाचं सांगू का? ते पत्र त्याईनं उभ्यानं वाचलं, मंग बसून वाचलं, मंग बंडीच्या खिशात ठेवलं. दुसऱ्या दिवशी लक्ष्मणकाकाचा जुना माग मोकळा केला. त्याच्यावर कोंबड्या बसत होत्या, तुले माहीत आहे. कोंबड्या हाकलल्या, लाकूड पुसलं, दोऱ्या नव्या बांधल्या, अन् उभ्या सुताचा ताणा लावाले घेतला. मी विचारलं एवढी घाई कशाची, तर म्हणाले, योगेंद्र येईन तेव्हा मागानं त्याची वाट पाहावी, त्यानं मागाची नाई. असं बोलणारा माणूस आहे का तो? मी तर पाहतच राह्यलो.

आता मागच्या रविवारचं, कालचा नाई, त्याच्या आधीचा.

जामले शोभामावशीच्या आचलचं लग्न होतं. आईले बरं नोतं, मले पाठवलं. जेवण मस्त होतं, वांग्याची भाजी अन् बुंदी, मी बुंदीच्या ओळीत दोनदा बसलो. मंग आहेराले सुरुवात झाली. मावशीनं व्याह्याले कुंकू लावलं, टोपी घातली अन् मानाची म्हणून चादर दिली. आपली चादर. मले बरं वाटलं. पुढं होऊन काठ पाह्यला, तर दादा, लाल काठ शेवटाले हिरवा.

ती चादर मी ओळखत होतो. गणपतीच्या वेळेस बाबाचं लाल सूत संपलं होतं, अन् एका चादरीचा शेवटचा वीतभर काठ त्याईनं हिरव्यानं काढला. आई म्हणाली ही विकू नका, घरी ठेवू. मी म्हटलं कोण पाहते, अन् ती मी माझ्या हातानं ओमप्रकाश शेठले दिली होती, त्या सहांमधली वरची. आता ती जामले, मावशीच्या हातात, त्याच प्लास्टिकमध्ये. घडी सुद्धा मोडलेली नोती. बाबा प्रत्येक चादरीत टाकतात ती त्याईच्या हातची चिठ्ठी आत तशीच.

मले वाटलं चोरीबिरीची भानगड आहे. मावशीले बाजूले घेऊन विचारलं, शेठले विकलेली चादर तुझ्याकडं कशी. मावशी हसाले लागली. म्हणे, अरे, शेठनं त्याच्या मुनिमाच्या घरी दिली असन लग्नात, मुनिमानं त्याच्या साडभावाले दिली, साडभावानं वास्तूच्या दिवशी मले दिली. मी म्हटलं, मावशी, अन् तू वापरली नाई? त्यावर ती जे बोलली ते अजून कानात आहे.

"अंगावर कोण घेते ती? मानाची आहे."

मंग मले आतल्या खोलीत नेऊन पेटी उघडून दाखवली. दादा, बाबाच्या चादरी. एकावर एक, प्लास्टिकसकट. पुढच्या लग्नांसाठी ठेवलेल्या. अन् खोलीत पलंगावर काय होतं? चायनाचं ब्लँकेट, वाघाचं. मावशीचा नातू त्या वाघाच्या तोंडावर झोपला होता.

मी बुंदी न बांधता परत आलो, यावरून समज.

वाटलं, मावशीची एक गोष्ट असन. म्हणून दुसऱ्या दिवसापासून फिरलो. ज्याईले ज्याईले विकली त्याईच्या घरी गेलो, म्हटलं, चादर कशी निघाली पाहाले आलो. सगळे म्हणत, एक नंबर. मी म्हणे, दाखवा ना जरा. की मंग माणसं इकडं तिकडं पाहत. कोणाची कपाटात, कोणाची पेटीत, कोणाची कधीच दुसऱ्याच्या घरी गेलेली. सेवाग्रामले दवाखान्यात नोकरी करणारे ते मुकेशभाऊ, त्याईच्या घरी तर मोर, गुलाब अन् दोन हरणं, घरात माणसं तेवढे ब्लँकेट. बायकोनं चहा दिला अन् सांगितलं, भाऊ, तुमची चादर धुतली की दोन दिवस वाळत नाई, अन् ओली झाली की दोघांनी उचला लागते.

शेवटी ओमप्रकाश शेठकडं गेलो. ते पुन्हा तेच सुरू, आपला माल, आपला देश. मी म्हटलं, शेठ, एक चादर घरच्यासाठी घ्या, तुमच्या अंगावर घ्याले. शेठनं हिशेबाची वही मिटली. मंग म्हणाले, "देण्यासाठी महागाची घेतो बेटा, झोपण्यासाठी नाही." अन् गिऱ्हाईकाकडं वळले. रागानं नाई बोलले. जे आहे ते बोलले.

मी रस्त्यावर येऊन उभा राह्यलो तर डोकं चालेना. लोक जास्त पैसे देतात हे खरं आहे दादा. खिशातून काढून देतात, आनंदानं देतात. पण दुसऱ्याले द्याले. अन् तीच चादर फिरून फिरून येते तर नवी कोणी कशाले घेईन? या साली लग्नं जास्त होती म्हणून गेल्या. मी त्याले गिऱ्हाईकी समजलो.

इथपर्यंत लिहून उठलो होतो. शेळीले पाणी दाखवलं, चौकात जाऊन आलो. तिथं एक टॉर्च आला आहे विकाले, त्याच्यात रेडिओ आहे, बटन दाबलं की गाणं लागते. छकुलीले आवडन. पण तोही चायनाचाच.

पुढचं लिहू का नको, हे कळत नाई. पण अर्धं सांगून तुझी नोकरी अधांतरी ठेवणं बरं नाई.

बुधवारी ऊन चांगलं होतं. बाबा नदीवर गेलते. आई म्हणाली, गोधड्या वाळू घाल. बाबाची गोधडी उचलली अन् खालून काहीतरी सरकलं. मऊ, मांजरीसारखं. निळ्या रंगाचं, मोराचं चित्र.

मी आईकडं पाह्यलं. आईनं भाजी निवडता निवडता मान सुद्धा वर केली नाई. म्हणाली, ते मागच्या हिवाळ्यात जामहून आणलं त्याईनं. कोणी आलं की गोधडीखाली सारतात.

दादा, बाबानं. मागावर बसून ज्याची पाठ वाकली त्या माणसानं. मले एवढंही वाईट वाटलं नसतं त्याईनं दारू प्याली असती तर. ब्लँकेट हातात धरून मी आंगणात उभा, अन् तेवढ्यात बाबा ओल्या धोतरानं फाटकातून आले. त्याईनं पाह्यलं. मी लपवलं नाई, त्याईनं लपवलं नाई.

म्हणाले, हलकं आहे, ऊब देते, धुतलं की लवकर वाळते. जसं बाजारभाव सांगून राह्यले.

मी मंग सगळं ओकलो. मावशीची पेटी, मुकेशभाऊचे हरणं, शेठ. मले वाटलं आता हा माणूस खाली बसन. बाबा धोतर पिळत राह्यले. म्हणाले, मले माहीत आहे. माझ्याच हातची चादर मले मान म्हणून तीनदा भेटली. एकदा तर स्टेजवर बोलावून दिली. मी पाया पडून घेतली अन् पुढच्या लग्नात देऊन टाकली.

मले हसू यावं का रडू यावं समजेना. म्हटलं, मंग दादाले काऊन येऊ देऊन राह्यले? त्यानं नोकरी सोडली तर? त्याले खरं काऊन नाई लिहिलं?

"चादर विकत नाई असं लिहिलं तर तो कशाले येईन?"

एवढंच. हे म्हणून धोतर दोरीवर टाकलं. अन् दादा, तेव्हा मले समजलं की दुसरा माग चादरीसाठी लावलेलाच नाई. तू बारा वर्षांपासून पिंपरीले आहेस. दिवाळीले येतो, भाऊबीज झाली की जातो. त्याईनं तुले कधी म्हटलं का, राह्य म्हणून? नाई म्हणत ते. ताणा लावतात.

एक गोष्ट राह्यली. ती मी लिहिणार नोतो.

मी म्हटलं, बाबा, मी आहे ना घरी. मी बसतो दुसऱ्या मागावर.

बाबानं माझ्याकडं पाह्यलं. रागानं नाई, मायेनंच पाह्यलं, तेच जास्त लागलं. म्हणाले, "तू आज आहेस." अन् आत गेले जेवाले.

खोटं बोलले असते तर भांडलो असतो. नागपूरची वर्कशॉप मी चार महिन्यांत सोडली, हिंगणघाटची मिल एका पगारात, यवतमाळले कशाले गेलतो ते मलेच आठवत नाई. आई ताट वाढून हाका मारत होती अन् मी ते मोराचं ब्लँकेट घडी करत होतो. ते पुन्हा गोधडीखाली ठेवलं. त्याईले थंडी वाजते.

तर दादा, राजीनामा देऊ नको. निदान चादरीच्या भरवशावर देऊ नको. चादरीवर वहिनीचं अन् छकुलीचं पोट भरणार नाई, हे मी फिरून, लोकाईच्या पेट्या पाहून सांगून राह्यलो. पहिलं पत्र मीच लिहिलं होतं, म्हणून हेही मीच लिहिलं पाह्यजे. पण सुट्टी काढून ये. लग्नाबिग्नाचं कारण नको, सणाचं नको. असाच ये अन् चार दिवस त्या मागाजवळ बस. बाबाले पत्र तू स्वतः टाक, त्याईच्या नावानं, अन् येत नाई हे नीट सांग. मी कळवलं असं लिहिलं तरी चालन. ब्लँकेटचं मात्र लिहू नको.

मले वेगळं पत्र टाकायची गरज नाई. बाबाचं आलं की मी वाचीन.

लुना बुधवारपासून बाहेर काढली नाई. सकाळी बाबाच्या बाजूले बसून मागासाठी नळीवर सूत गुंडाळून कांड्या भरतो. ते पाहतात. काल एक कांडी सैल भरली तर उचलून माझ्यासमोर ठेवली, एवढंच. मी उकलून पुन्हा भरली. पुढच्या महिन्याचं मी लिहून देत नाई, मले माझाच भरवसा नाई. पण उद्याच्या कांड्या भरून झाल्या आहेत.

वहिनीले नमस्कार.

तुझा भाऊ,
आज घरी असलेला,
धीरज