बुधवारचा तास

प्रिय सरकार,

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळं ठीक आहे. कुंड्यांना पाणी घालतोय, दूध अर्ध्या लिटरवर आणलंय, भाजी करपली तर करपलेली खातोय. इतकी वर्षं संसार करून माणूस स्वयंपाकात एवढा ढ कसा राहतो, असं शेजारच्या वहिनी परवा म्हणाल्या. मी म्हटलं, सरकारने कधी ओट्यापाशी फिरकू दिलं नाही, शिकणार कुठून? ते असो. फोनवर बोलायचं म्हटलं तर तू तीन वाक्यांत दमतेस आणि त्यातली दोन माझ्या ब्लडप्रेशरच्या गोळीवर खर्च करतेस. म्हणून लिहायला बसलो.

परवा आपल्या लेकीचा फोन आला. तुझं ऑपरेशन सोमवारी ठरलं, हृदयाची झडप बदलणं हल्ली रोजचंच झालंय, डॉक्टर हुशार आहेत, असं सगळं तिने पाठ केल्यासारखं म्हणून दाखवलं. आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, 'बाबा, आईचा निरोप आहे. तिचा बुधवारचा तास कॅप्टनबाईंना सांगून दुसऱ्या कुणाला तरी द्यायचा.' मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. अगं, दोन महिन्यांपूर्वी तपासण्यांसाठी लेकीकडे निघालीस तेव्हा गाडीची काच खाली करून तूच मला बजावलं होतंस ना, की तुम्ही तिकडे येऊन काय दिवे लावणार आहात, इथे राहा आणि माझा तास सांभाळा? अंगात ताप असताना तू गेलीस. लेकीच्या लग्नात घर पाहुण्यांनी भरलेलं असताना, मला चहाच्या भांड्यापाशी उभं करून गेलीस. आणि आता म्हणतेस, देऊन टाका. त्या निरोपाचं मी काय केलं ते सांगतोच, पण आधी इथली हकिगत ऐक. तुला कुणी सांगितली नसणार, कारण इथली माणसं फार चांगली आहेत.

तुझ्या तासाबद्दल मला एवढंच ठाऊक होतं की चर्चच्या बाजूच्या छोट्या खोलीत वेदीवर भाकरीच्या रूपात प्रभू असतो, दिवसभर त्याला एकटं ठेवायचं नाही, म्हणून पॅरिशमधली माणसं पाळीपाळीने एकेक तास त्याच्यापाशी बसतात. पुढचा माणूस आल्याशिवाय आधीच्याने उठायचं नाही. बाकी काही कळलं नाही तरी हा शेवटचा नियम मला लगेच पटला. सगळी नोकरी कारखान्याच्या गेटवर काढली मी. रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाही, हे मला फादरांनी शिकवायची गरज नव्हती. लग्न आणि मयत सोडून मी चर्चची पायरी चढत नाही हे साऱ्या गावाला माहीत, पण ड्युटीच्या बाबतीत माझ्याकडे कुणी बोट दाखवू शकत नाही.

तर पहिल्या बुधवारी कडक इस्त्रीचा शर्ट घातला, बुटांना पॉलिश केलं आणि वेळेवर हजर झालो. आधीच्या तासाचा प्लंबर उठला, मान हलवली, हत्यारांची पिशवी आवाज होऊ नये म्हणून लहान मुलासारखी छातीशी धरून बाहेर गेला. खोलीत मी एकटा. चार बाकं, भिंतीला टेकून ठेवलेल्या दोन खुर्च्या, कुरकुरणारा पंखा, मेणाचा आणि फरशी पुसायच्या औषधाचा वास. वेदीवर ते सोनेरी पात्र, मधल्या काचेत पांढरी भाकर. मी सगळीकडे नजर टाकली. खिडकी एक, तिला गज. दार एकच. मग काय, खुर्ची उचलली, वेदीच्या बरोब्बर पुढे ठेवली आणि दाराकडे तोंड करून बसलो.

हस, हस. प्रभूकडे पाठ करून बसलो मी, आणि एक बुधवार नाही, चांगले तीन बुधवार! मला वाटलं, एवढ्या मौल्यवान ठिकाणी माणूस बसवतात तो राखणीलाच. डोळ्यांत तेल घालून दाराकडे बघत होतो. कुणी म्हातारी आत आली की तिला नीट न्याहाळत होतो. आणि त्याहून वाईट ऐक. तास संपला की तुझ्यानंतरची ती बेकरीवाली आली. दारातच गुडघा टेकून तिने नमस्कार केला. मला वाटलं, किती ही रीतभात, मला वाकून नमस्कार करते! मीही ताडकन उठलो, टाचा जुळवल्या आणि तिला कडक सॅल्यूट ठोकला. ती बाई बिचारी म्हणाली, 'निघा भाऊजी, मी आले आता.' पुढच्या बुधवारी पुन्हा तेच. तिसऱ्या बुधवारी तर सॅल्यूट झाल्यावर तिनेच मला हसून सॅल्यूट केला.

हो, मी आता सगळ्यांचा भाऊजी झालोय. तू साऱ्या पॅरिशची ताई, मग मी दुसरं काय होणार? बाजारात अनोळखी बाया मला विचारतात, भाऊजी, ताईंचं कसं आहे? आयुष्यभर लोकांनी मला 'ओ वॉचमन' म्हणून हाक मारली. म्हातारपणी तुझ्यामुळे एवढा गोतावळा मिळाला.

माझी ती राखण फादरांनी बंद केली. तेच आपले तरुण, काडीपैलवान फादर. आत आले, मला तसं बसलेलं पाहिलं आणि दुसरी खुर्ची आणून माझ्याशेजारी ठेवली. तेही दाराकडे तोंड करून बसले. दोघं आपले दाराकडे बघतोय. मग हळूच म्हणाले, 'काका, दार मी बघतो थोडा वेळ. तुम्ही जरा त्याच्याकडे बघता का? तो केव्हाचा तुमच्या पाठीकडे बघतोय.' अगं, कानशिलं तापली माझी. मी म्हटलं, फादर, हे मला आधीच का नाही सांगितलं कुणी? तर म्हणाले, 'सगळ्यांनी मिळून ठरवलं की सांगायचं नाही. इतक्या मनापासून त्याची काळजी घेणारा माणूस आम्हाला बऱ्याच दिवसांनी बघायला मिळाला.' म्हणजे सगळ्यांना माहीत होतं! बेकरीच्या दुकानात हे पसरलं नसेल असं होणार नाही. पण एकानेही माझी चेष्टा केली नाही. कारखान्यात असं काही केलं असतं तर निवृत्तीपर्यंत मला त्याच नावाने ओळखलं असतं.

खुर्ची वळवली. आणि खरं सांगू, मला काही झालं नाही. उजेड पडला नाही, आवाज आला नाही. रोझरीची जपमाळ मला धड येत नाही, मधेच चुकतो. शेवटी गेटवर साहेबांना द्यायचो तसा रिपोर्ट दिला. म्हटलं, आज सगळं शांत, चार माणसं आली-गेली, बाहेर ऊन आहे. मग बोलायला काही उरेना, तेव्हा तुझ्याबद्दल बोलायला लागलो. आणि गंमत म्हणजे तास पुरेना. तू भांडताना आधी पातेली आपटतेस आणि मग बोलतेस, ते सांगितलं. तुझं वजन किती उतरलंय, ते सांगितलं. जिना चढताना तू मधेच थांबतेस आणि भिंतीवरचं जाळं बघत असल्याचं सोंग करतेस, ते मला कळतं, हेही सांगितलं. हे तुला मी कधी बोललो नव्हतो. त्याला आधी सांगितलं, रागावू नकोस.

माणसं मात्र काय एकेक आहेत गं तिथे! मी आता लवकर जातो, प्लंबरच्या तासातच मागे जाऊन बसतो. तो बाकाच्या कडेला बसतो, कपड्यांचे डाग लागू नयेत म्हणून खाली वर्तमानपत्र घालून. एकदा बाहेर त्याला विचारलं, तू आत करतोस काय रे नेमकं? म्हणाला, 'काही नाही भाऊजी. दिवसभर लोक मला काहीतरी बिघडलं म्हणून बोलावतात. इथे नुसतं बसायला बोलावणं असतं.' बेकरीवाली पहाटेपासून भट्टीपाशी राबलेली असते. ती पाचेक मिनिटं प्रार्थना करते आणि मग चक्क झोपते. मान एका बाजूला टाकून, तोंड उघडं. मी एकदा विसरलेली छत्री घ्यायला परत गेलो तेव्हा घोरत होती. तिला त्याचं काडीचं दडपण नाही. म्हणते, 'माझ्या बापासमोर मी अशीच झोपायचे.' इतका विश्वास मी जन्मात कुणावर टाकला नसेल.

आणि तुझी एक भानगड मला कळली आहे. आपलं स्वयंपाकघरातलं घड्याळ तू पुढे का ठेवायचीस, ते. मी किती वेळा नीट केलं आणि तू किती वेळा पुन्हा पुढे केलंस! प्लंबर सांगत होता, 'ताई नेहमी लवकर यायच्या आणि मला म्हणायच्या, जा, आधी घरी जाऊन जेव, मग कामाला जा.' मधे त्याची बायको अंथरुणाला खिळली होती, तेव्हा तर त्याचा अर्धा तास तूच बसत होतीस, त्याने घरी जाऊन तिला भरवावं म्हणून. हे घरात एकदाही बोलली नाहीस. मी आपला भर उन्हात एवढ्या लवकर कुठे निघालीस म्हणून कटकट करायचो आणि तू म्हणायचीस, तुमचं लक्ष तुमच्या पेपरात असू द्या. अगं बाई, कोणत्या मातीची आहेस तू! तुझ्याशी लग्न होऊन एवढी वर्षं झाली आणि तू कोण आहेस ते मला एका प्लंबरने सांगितलं. मला त्याचा हेवा वाटला आणि तुझा इतका अभिमान वाटला की घरी येताना वाटेत जो भेटेल त्याला थांबवून सांगावंसं वाटलं.

आता निरोपाचं. तुझा शब्द मोडायची मला सवय नाही, म्हणून मी कॅप्टनबाईंकडे गेलो. शाळेत कवायत शिकवायच्या त्या, अजून तशाच ताठ. सगळ्यांच्या पाळ्या त्याच लावतात. त्यांनी चहा ठेवला, 'बोला भाऊजी' म्हणाल्या, आणि मी निरोप सांगायचा सोडून चहावरची साय बाजूला काढत बसलो. कारण वाटेत चालता चालता माझ्या लक्षात आलं होतं, तू काय करते आहेस ते. बँकेच्या लॉकरच्या किल्ल्या लेकीला दाखवून झाल्या. चांगल्या साड्या तिच्यासाठी म्हणून वेगळ्या काढून झाल्या. आता तास. तू आवराआवर करते आहेस, सरकार. घर सोडताना तू जशी एकेक खोली बंद करत येतेस, तशी. मला भीती वाटते गं. गेटवर रात्री-अपरात्री दारुडे अंगावर आले तेव्हा वाटली नाही इतकी.

हे पत्र पोस्टाने येणार नाही. मी शनिवारी येतोय, तेव्हा स्वतः तुझ्या हातात देऊन बाल्कनीत जाऊन उभा राहणार आहे, कारण हे तोंडावर सांगायला गेलो तर तू माझा शर्ट मळलाय म्हणून विषय बदलशील. तर ऐक. तुझा तास मी दिलेला नाही. उलट कॅप्टनबाईंकडून एक तास मागून घेतला. तुझ्यानंतरचा. बेकरीवालीचा होता, तिने तो हसत सोडला. म्हणाली, 'मला काय भाऊजी, झोपायचं तर पुढच्या तासालाही झोपेन.' तुझ्याबरोबर बसायचं असतं तर सोपं होतं, पण तू तासभर माझी मान सरळ करत बसली असतीस. मी परत जाईपर्यंत तुझा तास प्लंबर धरणार आहे आणि माझा बेकरीवाली. तू येईपर्यंत मग दोन्ही मीच बसेन, कितीही बुधवार गेले तरी. पण तुझ्या तासावर नाव तुझंच आहे आणि ते पुसायला मी कुणाला हात लावू देणार नाही. आणखी काही देऊन टाकायचं असेल तर खुशाल दे, भांडी दे, साड्या दे. हे देऊ नकोस. मी दारात आल्यावर तू बाकावरून उठायचंस, माझ्याकडे बघून मान हलवायचीस, आणि मग मी बसायचं. मला ती जागा तुझ्याच हातून घ्यायची आहे, दुसऱ्या कुणाच्या नाही. वाचून झालं की हाक मार.

तुझाच,
अहो