वजा तीन तास

सोमवार, ३ नोव्हेंबर. सकाळी ९.४०
दातांच्या दवाखान्यासाठी प्रोग्राम लिहायचं काम मिळालं. अपॉइंटमेंटच्या एक तास आधी पेशंटला मेसेज जायला हवा. बस, एवढंच. ऑफिसात माझ्या कोडमधल्या चुका शोधणारी टेस्टिंगवाली म्हणाली, तारीख-वेळेच्या भानगडीत स्वतः पडू नका, दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या कोडची तयार लायब्ररी आहे, ती वापरा. हसू आलं. मला पहिलीपासून घड्याळ कळतं. स्वतः लिहिणार. दोन दिवस, फार फार तर अडीच.

बुधवार, ५ नोव्हेंबर
या प्रोग्रामिंगच्या भाषेत महिने शून्यापासून मोजतात. जानेवारी शून्य, नोव्हेंबर दहा. तारखा मात्र एकपासून! ज्याने हे ठरवलं त्याचा वाढदिवस कधीही न येवो. दवाखान्याचे सगळे पेशंट डिसेंबरात गेले होते. दुपारपर्यंत परत आणले.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
सगळे महिने तीस दिवसांचे धरले. सुटसुटीत. एकतीस तारखेला कोण दात दाखवायला जातं?

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
नऊच्या पेशंटला मेसेज पहाटे पाचला. त्याने उठून थेट डॉक्टरीणबाईंना फोन केला. बाई मला जे बोलल्या ते इथे लिहीत नाही. चूक माझी नाहीच. मेसेज पाठवणारा सर्व्हर परदेशात आहे, त्याचं घड्याळ तीन तास पुढे. सर्व्हरवाल्याला फोनवर झाप झाप झापलं. म्हणाला, बघतो. असे ‘बघतो’ म्हणणारे पुष्कळ बघितलेत. मीच कोडमध्ये वजा तीन तास केलं. काम फत्ते.

रविवार, ९ नोव्हेंबर
शुक्रवारी लेकीच्या शाळेत नाटक. ती पहारेकरी. मिशी लावून घरभर फिरतेय. मागच्या वर्षी मी पोचलो नव्हतो, हे तिने आज चार वेळा सांगितलं. तिचं नाटक माझ्याच प्रोग्राममध्ये टाकलं. बायको म्हणाली, मी फोन करून आठवण करते. साफ नको म्हणालो. दिव्याखाली अंधार नको. कितीला आहे हेसुद्धा लक्षात ठेवणार नाही. डोकं मोकळं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर. संध्याकाळी
सर्व्हरवाल्याची मेल. विषय: आपल्या तक्रारीबाबत. सबबी असणार. उघडली नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर. दुपारी ४.५०
मेसेज नाही. म्हणजे वेळ आहे. चहा.

संध्याकाळी ६.१०
अजून नाही. शाळा हल्ली फारच उशिरा नाटकं ठेवते. मुलांनी झोपायचं कधी?

७.००
आला! एका तासात नाटक. आठला. टेस्टिंगवालीला मुद्दाम दाखवला. निघालो.

७.२५
हॉलमध्ये शिपाई खुर्च्या रचतोय. म्हणाला, पाचला सुरू झालं, सहाला संपलं. तिथेच बसून मेल उघडली. सर्व्हरवाल्याने काल खरोखरच बघितलं होतं. घड्याळ बरोबर केलं होतं. माझं वजा तीन तसंच होतं, म्हणून मेसेज तीन तास उशिरा. जगात एकच माणूस दिलेला शब्द पाळतो आणि तो नेमका माझ्या वाट्याला येतो!

८.१५. घरी
लेकीने मिशी काढली नव्हती. रडली असावी, एक टोक निघालं होतं. तुझ्या प्रोग्राममध्ये आता किती वाजले, असं विचारलं. सव्वापाच, म्हणालो. मग आत्ताच सुरू झालंय, असं म्हणून तिने मला बाहेर काढलं, झाडू हातात घेतला आणि दारात उभी राहिली. मी आत आलो. झाडू आपटून तिने महाराज आल्याची आरोळी ठोकली. एवढंच एक वाक्य होतं तिला. त्यासाठी आठवडाभर तालीम केली होती. मला फार लाज वाटली.

शनिवार, १५ नोव्हेंबर
लायब्ररी घातली. एक ओळ. माझ्या तीनशे बारा ओळी पुसायला चार मिनिटं लागली.
पुढचं नाटक वीस डिसेंबरला. लेकीने माझ्या तळहातावर पेनने लिहून दिलंय, वीस-बारा, पाच वाजता. बारा कुठून मोजायचे, ते माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. हात जपून धुतोय.