भिंतीवरची पुसलेली जागा

प्रिय धुळादादा,

फोनवर तू ‘बरं हाय, ठेव आता’ म्हणून दोन मिनिटांत उरकतोस, म्हणून लिहायला बसले. दिवाळी झाली की तुम्ही मेंढरं घेऊन आटपाडीहून निघाल. त्याआधी हे तुझ्या हातात पडायला हवं.

इथं सांगलीत माझं काम चांगलं चाललंय. शहराच्या कडेला नव्या वसाहती झाल्यात ना, त्यांच्या बागांमध्ये आम्ही इथलेच चित्रकार आणि मूर्तिकार पाळीपाळीनं महिनाभर आपलं काम मांडतो. महिना संपला की सगळं काढायचं आणि बाग होती तशी करून द्यायची. अर्ज, परवानग्या, लोकांची समजूत, सगळं माझ्याकडे. पहिली बागही मीच घेतली. कुंपणाची साठ फूट लांब भिंत, आणि रंग म्हणजे पांढरी माती, गेरू, कोळसा. पाणी मारलं की साफ. त्यावर मी आपलाच कळप काढला. ओढा उतरणारी मेंढरं, बाभळीखाली टेकलेले आबा, घोड्यावर लादलेला संसार.

वसाहतीच्या समितीचे अध्यक्ष सुभेदार नाथाजी निकम. फौजेतून निवृत्त झालेले, गावाकडं ऊस आहे. पहिल्याच दिवशी म्हणाले, “बाग चालायला हाय पोरी, चित्रं बघायला न्हाई. आन् महिन्यानं पुसायचं, तर काढायचं कशाला?” मी विचारलं, “सव्वीस जानेवारीला तुम्ही झेंड्याखाली रांगोळी घालून घेता, ती किती दिवस राहते?” मग चालायची वाट अडवायची नाही, या अटीवर त्यांनी सही केली. आठवड्याभरात लोक थांबून बघायला लागले. चालायला येणारी माणसं मला मेंढरांबद्दल विचारायची आणि मी ताठ मानेनं सांगायची, की आमचीच आहेत. कॉलेजात असताना हे माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं, ते तुला माहीत आहे.

भिंतीच्या मधोमध मी एक अडलेली मेंढी काढली होती, आणि कोकरू सोडवणारे दोन हात. नवव्या दिवशी सकाळी जाऊन बघते तर तेवढाच भाग कुणीतरी ओल्या फडक्यानं पुसलेला. बागेत लहान मुलं येतात, असलं काही नको, असं काहींचं म्हणणं होतं म्हणे. मी तिथं उभी होते तेवढ्यात सुभेदारांच्या घरच्या, शालूबाई, आल्या. जमलेल्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, “अडलेलं रेडकू म्या सोताच्या हातानं वडलंय. ह्यात लाजायचं काय हाय? काढ गं तू परत.” सुभेदारांनी स्वतः शिडी धरली. मला वाटलं, तासाभराचं काम.

दादा, ते मला जमलं नाही. एकदा काढलं, पुसलं. दुसऱ्यांदा काढलं, तेही पुसलं. मेंढी जमत होती, हात जमत नव्हते. पहिल्या वेळी जुनी आठवण ताजी होती, तिच्यावर निभावलं. आता बोटं नुसती मेंढीला टेकलेली दिसायची, त्यांत ओढ नव्हती. तिसऱ्या खेपेला शालूबाई खालून म्हणाल्या, “ह्यो हात त्यो न्हाई. पयला येगळा हुता.” मी शिडीवरून उतरले आणि त्या नवरा-बायकोला खरं काय ते सांगितलं. आता तुला सांगते.

तो हात माझा नव्हताच, तुझ्या चित्रातला आठवून काढलेला. कॉलेजच्या प्रवेशासाठी मी जी पंधरा चित्रं नेली, त्यातली सहा तुझी होती. तू तळावर बसून माझ्या जुन्या वह्यांच्या मागं कोळशानं काढलेली. आबांचा पाय मोडल्यावर तू आठवीतून शाळा सोडून मेंढरांमागं गेलास, आणि मी तुझी पानं फाडून घेऊन सांगलीला आले. सरांनी त्या अडलेल्या मेंढीवरच बोट ठेवलं होतं. म्हणाले, ‘ही मुलगी डोळ्यांनी बघून काढते.’ मी मान डोलावली. पानं कॉलेजातच राहिली, आणि पावसात भिजून गेली असं मी तुला खोटंच सांगितलं. तू परत कधी विचारलं नाहीस, आणि मला वाटतं तुला तेव्हाच कळलं होतं.

पुसलेली जागा मी रिकामीच ठेवली आहे. तिथं पाटी लावली आहे: ‘इथलं चित्र धुळा कोंडीबा गळवे यांचं होतं.’ हे पत्र लिहिलं ते पुढच्या बागेसाठी. हेच काम आता साताऱ्यातही सुरू होतंय, डिसेंबरात तिथं भिंत मिळाली आहे, ऐंशी फुटांची. अर्जावर चित्रकार म्हणून तुझं एकट्याचं नाव आहे. न विचारता घातलं, आणि तू ओरडलास तरी काढणार नाही. तेव्हा तुमचा तळ कराडच्या आसपासच असेल. मेंढरं कोण बघणार, असं तू विचारशील. मी बघीन. पंधरा दिवसांची रजा मंजूर करून घेतली आहे. काठी माझ्याकडे दे आणि तू भिंतीपाशी जा.

वाट बघणारी, तुझीच धाकटी,
उत्कर्षा